सॉफ्टनरचे खरे काम आणि खोटे दावे

सॉफ्टनर पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्यांच्या बदल्यात सोडियम देतो. त्याचे काम एवढेच, आणि नीट निवडलेला, नीट सांभाळलेला सॉफ्टनर ते चोख करतो. बाजारात मात्र त्याच्या नावावर बरेच काही विकले जाते. केसगळती थांबेल, मुतखडा टळेल, मुलांची त्वचा सुधारेल, विजेचे बिल खाली येईल, पिण्याचे पाणी शुद्ध होईल, असे सांगितले जाते. पुण्याच्या वाघोली-उंड्रीसारख्या भागांत किंवा मराठवाड्यातल्या शहरांत बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या कुटुंबांना हे पटते, कारण त्यांच्या गिझरची कॉइल खरोखरच जळालेली असते आणि बाथरूमच्या टाइल्सवर पांढरे डाग खरोखरच पडलेले असतात. त्रास खरा आहे. त्याच्या आडून भीती विकणे हा मात्र ग्राहकाच्या विश्वासाचा गैरफायदा आहे, म्हणूनच यातला एकेक दावा तपासून पाहायला हवा.

आधी जडपणा म्हणजे काय ते पाहू. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेते, त्यामुळे किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातले कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवत खाली जाते. महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर वसलेला आहे. त्याच्या भेगांत दीर्घकाळ साठलेले पाणी बोअरमधून वर येते तेव्हा हे क्षार घेऊनच येते. याउलट खडकवासला-पानशेतचे किंवा भातसा-तानसाचे पाणी पावसाळ्यात धरणात जमा होते, खडकाशी त्याचा संबंध थोडा येतो, म्हणून ते मृदू असते. ज्या घराला बारा महिने महापालिकेचे धरणाचे पाणी मिळते, त्या घराला सॉफ्टनरची गरज नाही. विक्रेत्याच्या तोंडून हे वाक्य क्वचितच ऐकू येते.

जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) स्वीकारार्ह मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. मोजण्याची रीतही सोपी आहे. पाण्याच्या नमुन्यात बफर आणि निर्देशक टाकला की पाणी लालसर होते. मग ईडीटीएचे द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे, आणि ज्या थेंबाला रंग निळा होतो तिथपर्यंतच्या थेंबांवरून जडपणा काढायचा. घरगुती वापराचे असे संच मिळतात आणि कोणतीही पाणी तपासणी प्रयोगशाळा ही चाचणी करून देते.

विक्रेत्याच्या हातात मात्र बहुधा टीडीएस मीटर असतो. तो मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतो. त्यात कॅल्शियम किती आणि साधे मीठ किती, हे त्याला कळत नाही. उत्तम चालणाऱ्या सॉफ्टनरच्या पाण्यातही टीडीएस कमी झालेला दिसत नाही, उलट कणभर वाढतो, कारण प्रत्येक ४० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या जागी ४६ मिलिग्रॅम सोडियम येते. तेव्हा टीडीएस दाखवून सॉफ्टनर विकणारा एक तर अज्ञानी असतो, नाही तर फसवत असतो. दोन सळ्या पाण्यात बुडवून वीज सोडण्याचा आणि पाणी गढूळ-तपकिरी झालेले दाखवण्याचा प्रयोग त्याहून वाईट. तो गाळ बहुतांशी सळ्यांच्या झिजलेल्या धातूचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी म्हणून वीज कमी वाहते आणि ते स्वच्छ दिसते. सॉफ्टनरमधून आलेले पाणी त्याच उपकरणात धरले तर तेही तसेच गढूळ होईल.

आता आरोग्याचे दावे. जड पाण्याने मुतखडा होतो, ही समजूत इतकी रुजली आहे की ती कोणी तपासून पाहत नाही. गिझरमध्ये खर साचते, म्हणजे मूत्रपिंडातही साचत असणार, असा हा तर्क. गिझरमधली खर पाणी तापल्यावर बायकार्बोनेट फुटून होते आणि ती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची असते. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते होण्यात कमी पाणी पिणे, कमी लघवी होणे, आहारातले ऑक्झलेट, मीठ, आनुवंशिकता यांचा वाटा मोठा असतो. १९९३ मध्ये अमेरिकेत ४५ हजारांहून अधिक पुरुषांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात कॅल्शियम जास्त होते, त्यांच्यात मुतखड्याचे प्रमाण कमी आढळले. अन्नातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून टाकते, असे त्याचे कारण दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेनेही पाण्याच्या जडपणासाठी आरोग्याच्या आधारावर कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. ज्याला मुतखड्याची भीती आहे त्याने भरपूर पाणी प्यावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सॉफ्टनरवर घातलेला पैसा त्या कामी येत नाही.

त्वचेच्या दाव्याची तर थेट परीक्षा झाली आहे. इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांना दोन गटांत विभागून, एका गटाच्या घरी १२ आठवडे सॉफ्टनर बसवण्यात आला. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. इसबाची तीव्रता तपासणाऱ्या परिचारिकांना कोणत्या घरी सॉफ्टनर आहे हे माहीत नव्हते, आणि त्यांच्या तपासणीत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. पालकांना मात्र थोडी सुधारणा जाणवली. त्यांना आपल्या घरात यंत्र बसल्याचे ठाऊक होते. शेजाऱ्याच्या अनुभवावरून हजारो रुपयांचे यंत्र घेण्यापूर्वी हा फरक ध्यानात ठेवावा. केसांचेही तसेच आहे. जड पाण्यात साबण फाटतो, त्याचा चिकट साका केसांवर बसतो आणि केस राठ वाटतात, हे खरे. टक्कल पडण्याची मुख्य कारणे आनुवंशिकता आणि संप्रेरके ही आहेत, आणि नळाला काहीही जोडले तरी ती बदलत नाहीत.

पिण्याच्या पाण्याबाबतचा दावा सर्वांत घातक आहे. सॉफ्टनर जंतू मारत नाही आणि फ्लोराइड किंवा नायट्रेट काढत नाही. यवतमाळ-चंद्रपूरच्या फ्लोराइडग्रस्त गावांत कोणी सॉफ्टनरला ‘शुद्धीकरण यंत्र’ म्हणून विकत असेल, तर तो लोकांच्या हाडांशी खेळतो आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात मूळ दुखणे खारेपणाचे आहे. तिथे सॉफ्टनर पाण्यातला खारटपणा तिळभरही कमी करणार नाही. उलट सॉफ्टनर पाण्यात सोडियम वाढवतो. १०० मिलिग्रॅम जडपणा काढला की लिटरमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम येते, म्हणजे ४०० जडपणाच्या पाण्यात १८४ मिलिग्रॅमची भर पडते. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी पिणाऱ्याच्या पोटात त्यातून सुमारे अर्धा ग्रॅम सोडियम जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला दोन ग्रॅमच्या आतली आहे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसासाठी ही भर दुर्लक्षण्यासारखी नाही. म्हणून स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर ठेवावा. सॉफ्टनरनंतर आरओ असेल तर तो बरेचसे सोडियम काढतो आणि त्याचे मेम्ब्रेनही खर धरत नाही. ही जोडणी योग्य आहे, पण तिथे पिण्याचे पाणी आरओ देतो.

विजेच्या बचतीचा दावा ऐकायला शास्त्रीय वाटतो. खरीचा थर उष्णता अडवतो, म्हणून वीज जास्त लागते, असे सांगतात. साठवणीच्या विजेच्या गिझरमध्ये कॉइल पाण्यात बुडालेली असते. थरामुळे कॉइल जास्त तापते, पण तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, दुसरीकडे जायला तिला वाटच नसते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या बॅटेल या संशोधन संस्थेने जड आणि मृदू पाण्यावर गिझर चालवून पाहिले. त्या अभ्यासाचा खर्च पाणी प्रक्रिया उद्योगाशी जोडलेल्या संस्थेने केला होता. तरीही विजेच्या साठवण गिझरची कार्यक्षमता घटल्याचे त्यात दिसले नाही. गॅसच्या गिझरची घटली, कारण तिथे अडलेली उष्णता धुरावाटे निघून जाते, आणि झटपट पाणी तापवणारी उपकरणे खरीने चोंदली. वीज गिझरचे खरे नुकसान वेगळे आहे. थराखाली कॉइल इतकी तापते की लवकर जळते. तेव्हा ज्या घरात विजेचा गिझर आहे, तिथे बचत कॉइलच्या आणि मेकॅनिकच्या खर्चात मोजावी, वीजबिलात नव्हे.

एवढे खोडून काढल्यावर सॉफ्टनरच्या बाजूने जे उरते ते मात्र भक्कम आहे. गॅस गिझर, झटपट गिझर आणि तांब्याच्या नळ्यांचे सोलर पॅनेल जड पाण्याने चोंदतात. शॉवरची भोके बुजतात, वॉशिंग मशीनचा हीटर खर धरतो, फ्लशच्या झडपा अडकतात, टाइल्स आणि काचा पांढऱ्या पडतात. साबणाचे तर सरळ नुकसान आहे. कॅल्शियमचा प्रत्येक कण साबणाचे दोन रेणू घेऊन साका बनवतो आणि तो साबण फेसाला उरत नाही. हे सगळे त्रास सॉफ्टनर खरोखर थांबवतो. म्हणून ‘सॉफ्टनर म्हणजे श्रीमंतांचे फॅड’ हा उलट बाजूचा आक्षेपही चुकीचा आहे. मृदू पाण्याने अंग बुळबुळीत राहते, साबण निघतच नाही, ही तक्रारही गैरसमजातून येते. साका अंगाला चिकटला की त्वचा खरखरीत लागते आणि ते ‘स्वच्छ’ वाटते. तो साका नसल्यावर गुळगुळीतपणा जाणवतो. साबण निम्मा वापरला की तक्रार बऱ्याच अंशी संपते.

आता बाजारातल्या नकली पर्यायांकडे वळू. आयनांची अदलाबदल हे तंत्र शंभर वर्षांहून जुने आहे. जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झिओलाइटवर ते उभे केले आणि १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स यांनी कृत्रिम रेझिन बनवले. बारीक मोहरीएवढ्या रेझिनच्या मण्यांवर सोडियम बसलेले असते. पाणी जाताना मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि सोडियम सोडतात. जागा भरल्या की मिठाच्या पाण्याने मणी धुवायचे, म्हणजे ते पुन्हा कामाला येतात. यातून निघणारा निष्कर्ष पक्का आहे. ज्या उपकरणाला मीठ लागत नाही आणि ज्याच्यातून कॅल्शियम बाहेर टाकले जात नाही, ते पाणी मृदू करत नाही. नळाला बाहेरून बांधलेले चुंबक आणि तारांची वेटोळी या वर्गात येतात, आणि त्यांच्याबद्दलचे पुरावे विसंगत आहेत. कॅल्शियमचे सूक्ष्म स्फटिक बनवणारी काही माध्यमे चाचण्यांत खर बरीच कमी करतात, हे मान्य करायला हवे. पण कॅल्शियम पाण्यातच राहते, साबण तसाच फाटतो, डाग तसेच पडतात. अशा वस्तूला ‘खर-प्रतिबंधक’ म्हणून विकावे. ‘मीठ न लागणारा सॉफ्टनर’ हे नाव देऊन विकणे अप्रामाणिक आहे.

नळाला आणि शॉवरला लावायच्या छोट्या फिल्टरची गोष्ट साध्या गुणाकाराने उलगडते. एक लिटर रेझिन एका धुण्यानंतर व्यवहारात सुमारे ५० ग्रॅम जडपणा धरते. शॉवरच्या डबीत समजा २०० मिलिलिटर रेझिन आहे, तर ती १० ग्रॅम धरेल. ५०० मिलिग्रॅम जडपणाचे पाणी असेल तर २० लिटरनंतर, म्हणजे एका बादलीनंतर, ती डबी भरली. पुढच्या माणसाच्या आंघोळीला येणारे पाणी जसेच्या तसे जड असते. त्यातही अशा अनेक डब्यांत रेझिन नसतेच, कार्बन आणि रंगीबेरंगी दगडगोट्यांचे थर असतात. त्यांनी क्लोरीनचा वास कमी होईल, पण जडपणा एक मिलिग्रॅमही घटणार नाही. वॉशिंग मशीनसाठीच्या एक-दोन लिटर रेझिनच्या नळकांड्याचा उपयोग होतो, पण कपड्यांच्या दर दोन-चार धुण्यांनंतर ते मिठाच्या पाण्याने भरून धुवावे लागते. हे न सांगता विकलेले नळकांडे महिन्याभरात निव्वळ पाइपचा तुकडा होऊन बसते.

घराचा सॉफ्टनर निवडण्याचा हिशेबही याच गुणाकाराचा आहे. माणशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रचलित प्रमाण. त्यातले ४५ लिटर फ्लशसाठी धरतात, सुमारे १० लिटर पिण्या-स्वयंपाकाला. फ्लश आणि पिण्याचे पाणी सॉफ्टनरबाहेर ठेवले तर चार माणसांच्या घराला ३२० लिटर मृदू पाणी पुरते. जडपणा ४०० असेल तर दिवसाला १२८ ग्रॅम काढायचे आहेत. २० लिटर रेझिन १,००० ग्रॅम धरते, म्हणजे साधारण आठवड्याला एकदा धुवावे लागेल. रेझिनच्या लिटरमागे १२० ग्रॅम मीठ धरले तर एका धुण्याला २.४ किलो आणि महिन्याला नऊ-साडेनऊ किलो मीठ जाईल. सगळेच पाणी मृदू करायचा आग्रह धरला तर तेच यंत्र साडेचार दिवसांत भरेल आणि महिन्याला पंधरा किलोंच्या वर मीठ संपेल. पाचेक किलो मीठ दर महिन्याला संडासात ओतण्यात कोणतेही सुख नाही.

धुणे आपोआप सुरू करणारा यंत्राचा व्हॉल्व्ह घड्याळावर चालणारा की पाणी मोजणारा, हेही पाहावे. घड्याळाचा व्हॉल्व्ह घर बंद असतानाही मीठ-पाणी वाया घालवतो आणि पाहुणे आले की अपुरा पडतो. पाणी मोजणारा महाग असतो, पण थोड्या वर्षांत ती किंमत वसूल करतो. दाबाचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर गच्चीतली टाकी तीन-चार मीटरवर असते, तर बहुतेक स्वयंचलित व्हॉल्व्हना दीड-दोन बार लागतात. पंपाची सोय न सांगता बसवलेला सॉफ्टनर तिथे मीठच ओढत नाही, आणि पुढची सगळी तक्रार ‘पाणीच खराब’ म्हणून ग्राहकाच्या माथी मारली जाते. उलट पाणी फार वेगानेही जाऊ नये. २० लिटर रेझिनमधून तासाला ८०० लिटरांपेक्षा जास्त पाणी ओढले तर जडपणा निसटून पुढे जातो.

बसवल्यानंतर विसरून जाता येईल असे हे यंत्र नाही. ‘देखभाल शून्य’ हा दावा त्यामुळेच खोटा ठरतो. मिठाच्या टाकीत शुद्ध केलेले मीठ किंवा मिठाच्या वड्या टाकाव्यात. स्वस्त खडे मिठात माती आणि मॅग्नेशियम असते. मातीने नळी चोंदते आणि मॅग्नेशियम रेझिनच्या जागा अडवते. टाकीत मिठाची कडक पापडी धरली तर ती काठीने फोडावी. बोअरच्या पाण्यात लोह असेल, म्हणजे बादलीत पाणी ठेवल्यावर ते तांबूस होत असेल, तर आधी लोह काढणारा फिल्टर हवा, नाही तर रेझिन लोहाने माखून निकामी होते. आणि महिन्यातून एकदा सॉफ्टनरनंतरच्या नळाचे पाणी थेंब मोजून तपासावे. जडपणा वाढलेला दिसला तर ठरल्या वेळेची वाट न पाहता रेझिन धुवावे. फेस जास्त येतो की कमी, यावरून ते उशिरा कळते.

वापरलेल्या मिठाचे काय होते, याबद्दल विक्रीच्या पत्रकात एक ओळही नसते. धुण्याचे पाणी गटारात जाते आणि त्यातले क्लोराइड सांडपाणी प्रकल्पातल्या जंतूंना खाता येत नाही, ते तसेच पुढे जाते. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटा खोऱ्यात नदीतले क्लोराइड वाढून खालच्या बाजूच्या अ‍ॅव्होकाडो आणि स्ट्रॉबेरीच्या शेतीला धोका निर्माण झाला, तेव्हा तिथे मीठ सोडणारे घरगुती सॉफ्टनर काढून टाकण्याचा निर्णय २००८ मध्ये मतदारांनीच घेतला. महाराष्ट्रातल्या मोठ्या सोसायट्या सांडपाणी शुद्ध करून तेच बागेला देतात. काळ्या मातीत सोडियम साचले की मातीचे कण सुटे होतात, ती चिकट आणि घट्ट बनते, पाणी मुरत नाही आणि झाडे खंगतात. म्हणून सॉफ्टनरचे पाणी कुंड्यांना आणि बागेला घालू नये, आणि सोसायटीने सामायिक यंत्र घेताना फ्लशची लाइन वेगळी ठेवण्याचा आग्रह धरावा. स्वतःच्या टाइल्स चकाकवण्यासाठी सगळ्यांची जमीन खारट करण्याचा हक्क कोणालाही नाही.

सॉफ्टनरशिवायही बरेच काही साधते. जडपणा २०० च्या आसपास असेल तर गिझरचे तापमान ५०-५५ अंशांवर ठेवावे, कारण पाणी जितके तापते तितकी खर जास्त साचते. वर्षातून एकदा टाकी उघडून कॉइल साफ करून घ्यावी. शॉवर आणि नळाच्या जाळ्या लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवल्या की खर विरघळते. कपड्यांना साबणाऐवजी डिटर्जंट आणि गरज पडली तर थोडा धुण्याचा सोडा वापरावा. छतावरच्या पावसाच्या पाण्यात जडपणा जवळजवळ नसतो. ते साठवणे किंवा बोअरमध्ये मुरवणे हा सोसायटीच्या आवाक्यातला उपाय आहे.

३००-४०० च्या वर जडपणा, बारा महिने बोअर किंवा टँकर, आणि गॅस गिझर किंवा सोलरवर अवलंबून असलेले घर, अशा ठिकाणी सॉफ्टनर घेणे शहाणपणाचे आहे. घेताना विक्रेत्याकडून चार आकडे लेखी घ्यावेत: आलेल्या पाण्याचा जडपणा, यंत्रातले रेझिन किती लिटर, आणि एका धुण्यात किती लिटर पाणी मृदू होईल व त्याला किती किलो मीठ लागेल. बसवल्यावर नळाच्या पाण्याचा जडपणा ग्राहकासमोर मोजून दाखवण्याची अट त्याच कागदावर असावी. जो विक्रेता हे आकडे देत नाही आणि केस, त्वचा, मुतखडा यांच्याच गोष्टी करत राहतो, त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नये.